बालकांस रागदारीची चीज किती दिवसांत येते?

संगीताच्या तासास बसणाऱ्या मुलांचे पालक आम्हांस नेहमीं एकच प्रश्न करितात : "मास्तर, आमच्या मुलास एक चीज यावयास किती दिवस लागतील?" प्रश्न साधा दिसतो; पण चीज 'येणें' म्हणजे काय, हें ठरविल्यावांचून त्याचें उत्तर देतां येत नाहीं.

शब्द आणि चाल येणें, एवढाच अर्थ घेतला तर काम सोपें आहे. भूप रागांतील तीनतालाची लहानशी चीज घ्या. ह्या रागांत सा, रे, ग, प, ध हे पांचच स्वर. मध्यम व निषाद वर्ज्य. (महाडास सावित्रीला येऊन मिळणारी नदी गांधारी, तिच्या नांवावरून गांधार स्वर मुलांच्या चटकन ध्यानांत राहतो, हा आमचा एक जुना डाव.) स्थायी व अंतरा मिळून चारपांच ओळी. नऊदहा वर्षांचें मूल त्या दोनतीन बैठकींत उचलतें. पोलादपुराकडील खेड्यांतून येणारीं कांहीं मुलें तर, आमच्या अनुभवाप्रमाणें, याहूनहि लवकर. कारण भजन त्यांच्या घरचेंच. पुस्तकांतील ओळ ज्यास तीन दिवस पाठ होत नाहीं, तेंच मूल गाऊन दाखविलेली ओळ तीनदां ऐकून परत करितें.

ह्या श्रवणशक्तीचें आपल्या भागांतील सर्वांत मोठें उदाहरण म्हणजे ८ एप्रिल १९२४ रोजीं बेळगांवजवळच्या सुळेभावी गांवीं जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, अर्थात् कुमार गंधर्व. बाळपणीं थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ते त्या हुबेहूब गात. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. तेवढ्यांत सारा विस्तार आटोपलेला असे, म्हणून मुलाच्या कानास एक सबंध चित्रच मिळे. १९३५ सालीं, वयाचीं बारा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, अलाहाबादच्या संगीत परिषदेंत गाऊन त्यांनीं जाणत्यांस थक्क केलें. आणि त्यानंतर ते मुंबईस प्रो. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकावयास राहिले! जें कंठांत होतें तें समजून घेण्यासाठीं पुढें अनेक वर्षें द्यावीं लागलीं.

चौदा वर्षांच्या मोझार्टनें १७७० सालीं रोम येथील सिस्टाइन चॅपेलमध्यें ऐकलेलें अल्लेग्रीचें 'मिझेरेरे' आठवणीनें लिहून काढिलें, असें त्याच्या वडिलांच्या पत्रावरून दिसतें. ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते. पण १७५६ सालीं, ज्या वर्षीं हा मुलगा जन्मला, त्याच वर्षीं वडिलांचें व्हायोलिनशिक्षणाचें पुस्तक प्रसिद्ध झालें, हें कोणी सांगत नाहीं.

आतां आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. एका वर्षीं स्नेहसंमेलनासाठीं पांचवींतील एक मुलगा व एक मुलगी यांस आम्ही चीज शिकवीत होतों. मुलानें संध्याकाळीं ऐकलेली चीज दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेच्या घंटेपूर्वीं बिनचूक म्हणून दाखविली. मुलगी पोलादपुराहून एस्. टी.नें येणारी, ती प्रत्येक ओळीस हातावर टाळी आणि खाली मोजी व त्यांत चाल विसरे. पंधरवडा गेला. आम्हांस धीर निघेना. "तूं पुढच्या वर्षीं म्हण हो, बाळ," असें सांगून आम्हीं तिला खालीं बसविलें.

संमेलनाच्या दिवशीं तबला सुरू झाला. तीनतालाच्या मात्रा सोळा. आमची चीज नवव्या मात्रेस, म्हणजे खालीस, उठणारी, आणि तिची सम ओळीच्या मध्यावर. परंतु पहिला शब्द तीच सम, असें त्या मुलाच्या कानानें धरलें होतें. त्यानें समेवरच उठाव केला. तबलजींनीं सांभाळून घेण्याचा यत्न केला. मुलगा बावरला, थांबला आणि पडद्याआड निघून गेला. दोष त्याचा नव्हता. वेळ वांचविण्यासाठीं त्याला तालावांचून शिकविलें होतें तें आम्हींच. पुष्कळ दिवस तो गाण्याच्या तासास फिरकला नाहीं.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर मुलीला सहज विचारलें, "चीज आठवते का गं?" ती बोलली नाहीं. तिनें हातावर मात्रा मोजल्या, खाली दाखविली आणि नेमक्या नवव्या मात्रेस चीज उचलली.

आतां पालकांस आम्ही सांगतों कीं, चाल दोन दिवसांत येईल. पण ठेका चालू असतां मुलानें स्वतः जागा ओळखून उठाव केला, म्हणजे चीज आली असें आम्ही मोजतों, आणि त्यास दोनतीन महिने द्यावे. तो मुलगा श्रावणांत परत आला. ह्या वेळीं आम्हीं त्याला शब्द दिलेच नाहींत. आठ दिवस नुसता ठेका आणि टाळी. टाळी कशी द्यावयाची, तें त्याला त्या मुलीनें दाखविलें.