एकतीस मार्चचा दाखला

२०२४ च्या जुलैत मालवणच्या रिक्षा स्टँडवर लोकांनी माझ्या बाबांकडे पेढे मागितले. मुलींची इंजिनीअरिंगची फी सरकारने पूर्ण माफ केली, अशी बातमी पेपरात आली होती. "चेडवाची फी माफ झाली मां! आता कसली चिंता?" बाबांनी खरोखरच पेढे आणून वाटले आणि मग मला फोन केला. मी तेव्हा हॉस्टेलवर होते. शेवटच्या वर्षाची फी भरायची मुदत तोंडावर आली होती आणि मोबाइलवर मी तोच शासन निर्णय उघडून बसले होते, ८ जुलै २०२४ चा. व्यवस्थापन कोट्यातले आणि संस्थास्तरावरचे प्रवेश यातून वगळले आहेत, असं त्यात लिहिलं होतं. माझा प्रवेश संस्थास्तरावरचा. "बाबा, ती आपल्यासाठी नाय," एवढंच मी म्हटलं. पलीकडून बराच वेळ नुसते रिक्षांचे हॉर्न ऐकू येत राहिले.

त्या एका ओळीत मी कशी सापडले, ते सांगते. पुढच्या वर्षी कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी बारावीला असेल, तर त्यांच्या कामी येईल.

आम्ही मराठा. आजोबा मुंबईला गिरणीत होते. बाबा मालवणात रिक्षा चालवतात. चार कलमं आणि थोडे माड आहेत, पण सातबाऱ्यावर भावकीतली एकवीस नावं आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याने एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, कायदा करून मराठ्यांना १६ टक्के आरक्षण दिलं, जून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षणात ते १२ टक्क्यांवर आणून मान्य केलं. त्याच उन्हाळ्यात माझी दहावी झाली होती. बाबांनी दोन दिवस रिक्षा बंद ठेवून माझा एसईबीसीचा दाखला काढला, लॅमिनेशन केलं आणि आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. (दाखल्याचं लॅमिनेशन करू नये, हेही आम्हाला नंतर कळलं. पडताळणीला मूळ कागद दाखवताना त्यावरून बोलणी खावी लागतात.)

मग सप्टेंबर २०२० चा तो आठवडा आला. ९ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने एसईबीसी आरक्षणाला स्थगिती दिली. त्याच सुमाराला राज्याने वैद्यकीय प्रवेशाचा ७०:३० हा प्रादेशिक कोटा रद्द केल्याचं जाहीर केलं, आणि १३ तारखेला नीट होती. माझी एक मैत्रीण ती परीक्षा देणार होती. परीक्षेला चार-पाच दिवस राहिले असताना आपल्या स्पर्धेत नक्की कोण कोण आहे, हेच तिला कळेनासं झालं. निर्णय बरोबर की चूक, यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत. पण बारावीच्या पोराने अभ्यास करायचा की रोज रात्री बातम्या लावून बसायचं, हा प्रश्न त्या आठवड्यापासून आमच्या वर्गात कायमचा मुक्कामाला आला.

डिसेंबरच्या अखेरीस राज्य सरकारने सांगितलं की एसईबीसीच्या उमेदवारांना ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, लाभ घेता येईल. बाबा शहाणे. पुढे गर्दी होईल म्हणून फेब्रुवारी २०२१ मध्येच त्यांनी माझा ईडब्ल्यूएसचा दाखला काढून ठेवला. तोही ट्रंकेत गेला. आम्ही निर्धास्त झालो.

५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एसईबीसी कायदा रद्द केला. १६ मेला तौक्ते वादळ आलं. आमच्या माडांतला एक घराच्या कोन्यावर पडला, पत्रे उडाले, आणि त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. ट्रंक भिजली नाही, एवढं बरं. वादळानंतर आईने सगळे कागद खळ्यात उन्हाला मांडले होते, वर दगड ठेवून. ईडब्ल्यूएसचा दाखला त्यात मीच मांडला. त्यावर लिहिलं होतं: आर्थिक वर्ष २०२०–२१. मी ते वाचलं, आणि मला त्याचा अर्थ कळला नाही.

त्याचा अर्थ असा की तो दाखला ३१ मार्चलाच संपला होता. ईडब्ल्यूएस आणि उत्पन्नाचा दाखला, दोन्हींचं आयुष्य आर्थिक वर्षाला बांधलेलं असतं. प्रवेश होतो जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नव्या आर्थिक वर्षात. फेब्रुवारीत काढलेला कागद प्रवेशाच्या दिवशी कामाचा नसतो. एवढी साधी गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नाही, आणि आम्हीही विचारली नाही. ३१ मे रोजी ईडब्ल्यूएसचा लाभ पुढेही मिळेल असा शासन निर्णय निघाला, तेव्हा बाबा म्हणाले, "आपलो तयारच आसा."

त्या वर्षी बारावीची परीक्षा झालीच नाही. दहावी, अकरावी आणि बारावीचे ३०, ३० आणि ४० टक्के धरून निकाल लागला. सीईटीचा निकाल ऑक्टोबरच्या अखेरीस आला आणि प्रवेशाची फेरी दिवाळीच्या पुढे गेली. अर्जाच्या पडताळणीत माझा दाखला परत आला. नव्याने काढायचा, तोवर अर्ज केल्याची पावती चालेल, मूळ कागद ठरलेल्या तारखेपर्यंत द्या, नाहीतर तुम्ही खुल्या प्रवर्गात.

आता या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो. आजोबांचं शाळेच्या रजिस्टरमधलं नाव निघालं, पण ते मोडीत. लिप्यंतर करून आणलं, तर त्यात 'राघो बिन तातो' एवढंच. आडनाव नाही. पुढे सगळीकडे आजोबा 'रघुनाथ'. राघो म्हणजेच रघुनाथ हे कशावरून, असा प्रश्न आला. प्रश्न चुकीचा नव्हता. प्रतिज्ञापत्र करा, पोलीस पाटलांचा दाखला आणा, पुन्हा या. त्यात एसटीचा संप सुरू झालेला. बाबांची रिक्षा होती म्हणून आमचं निभलं, पण स्टँडवर तालुक्याच्या कोपऱ्यातली पोरं पिशव्या धरून मिळेल त्या गाडीला हात दाखवत उभी असायची. दाखला मिळाला तो तारीख उलटून दोन दिवसांनी. कोणत्या कार्यालयात, कोणामुळे, हे मी लिहिणार नाही. फेब्रुवारी ते नोव्हेंबर आम्ही स्वस्थ बसलो, त्यातले दोन दिवस दुसऱ्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

खरी चूक यानंतरची आणि ती माझी एकटीची आहे. ईडब्ल्यूएस धरून चालल्याने मी पर्यायांच्या यादीत नऊच कॉलेजं भरली होती. शेकड्यांनी पर्याय भरता येतात, पैसे लागत नाहीत. तरी नऊ. खुल्या प्रवर्गातून त्या नऊपैकी एकही मिळालं नाही. पुढची फेरी होती. यादी वाढवून थांबायचं होतं. तेवढ्यात एका खाजगी कॉलेजातून फोन आला. नाव सांगत नाही. रिकाम्या जागा आहेत, दोन दिवसांत या, नाहीतर जातील. काका म्हणाले होते, कुंभारमाठच्या तंत्रनिकेतनात डिप्लोमाला जा, बारावी सायन्स आहे, थेट दुसऱ्या वर्षाला बघ, मग डिग्री. घरातून ये-जा होईल. मला ते कमीपणाचं वाटलं. आम्ही रात्रीची गाडी धरली, सकाळी त्या काउंटरवर पोचलो, आणि मी सहा ठिकाणी सह्या केल्या.

त्यातला एक कागद हमीपत्र होता. माझा प्रवेश संस्थास्तरावर झाला आहे आणि शासनाच्या शुल्क सवलतीचा लाभ मला मिळणार नाही याची मला जाणीव आहे, असा त्याचा मजकूर. जाणीव नव्हती. मी तो वाचलाही नव्हता. बाबांनी विचारलं, "वाचलंस मां?" आणि मी हो म्हटलं.

कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत फेरीतून, आले असते तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून ५० टक्के शिक्षण शुल्क परत मिळालं असतं. त्यासाठी घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं आणि आमचं त्याच्या आसपासही नाही. शेवटच्या वर्षी तर पूर्ण माफी मिळाली असती. त्याऐवजी चार वर्षं वर्षाला लाखाच्या वर गेले. आईच्या पाटल्या पतपेढीत आहेत. मला नोकरी लागून वर्ष होत आलं, हप्ते चालू आहेत.

आता जे सांगायचं ते. बारावीच्या निकालानंतर धावाधाव करण्यासारखं खरं तर काही नसतं. धावायचं ते अकरावीत. आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा किंवा जन्म-मृत्यूची जुनी नोंद त्याच वर्षी शोधा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ ला झाला, त्याआधीचं बरंच दप्तर रत्नागिरीच्या नावाने आहे. आणि आमच्यासारखे चाकरमान्यांचे वंशज असाल, तर आजोबांचं नाव परळ-लालबागच्या म्युनिसिपल शाळेतही सापडू शकतं. नाव जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र तेव्हाच करून ठेवा. मोडीतला कागद असेल तर लिप्यंतर करून घ्या. हे कागद शिळे होत नाहीत. जातीचा दाखला आणि पडताळणीही तशीच. आरक्षित प्रवर्गात असाल तर बारावीत असतानाच कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज टाका.

शिळे होतात ते पैशांशी जोडलेले कागद: उत्पन्न, ईडब्ल्यूएस, नॉन-क्रिमीलेअर. हे १ एप्रिलनंतर काढायचे. हातात पडल्यावर पहिल्यांदा नावाचं स्पेलिंग नव्हे, मुदत बघा. आणि ईडब्ल्यूएसला केंद्राचा नमुना वेगळा, राज्याचा वेगळा. राज्याच्या फेरीत केंद्राचा घेऊन गेलेली एक मुलगी माझ्यापुढेच रांगेत रडत होती.

आपण कुठल्या प्रवर्गात आहोत, हेही दर वर्षी नव्याने विचारावं लागतं. हे मी थट्टेने लिहीत नाही. माझ्या चुलतभावाची बारावी २०२४ ला झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत विधिमंडळाने पुन्हा कायदा करून १० टक्के एसईबीसी आरक्षण दिलं, मग मराठा मुलांना ईडब्ल्यूएस बंद झालं. त्याच्या आईने माझ्या अनुभवावरून शहाणं होऊन ईडब्ल्यूएसचीच तयारी केली होती. कायद्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. तीन वर्षांत एकाच घरातल्या दोन मुलांना दोन वेगळे रस्ते, आणि दोघांच्याही रस्त्यावर कोर्टाची पाटी. राजकारणात पडायचं नाही म्हणणारी आमच्यासारखी घरं असतात. राजकारण मात्र ट्रंकेत येऊन बसतं.

घोषणा आणि शासन निर्णय यांत किती अंतर असतं, ते फी माफीचंच बघा. मंत्र्यांनी ती बोलून दाखवली फेब्रुवारी २०२४ मध्ये. मध्ये लोकसभेची निवडणूक झाली, जूनअखेर अर्थसंकल्पात ती आली, ५ जुलैला मंत्रिमंडळाने मंजूर केली आणि ८ जुलैला कागद निघाला. फेब्रुवारीतल्या भाषणावर विसंबून कोणी शैक्षणिक कर्जाचा अर्ज मागे घेतला असेल, तर त्याने पाच महिने कशावर काढायचे? म्हणून कोणी काही सांगितलं, स्टेटसला ठेवलं, बॅनर लावला, तरी महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरचा निर्णय उघडा. मराठीतच असतो. भाषा जड असली तरी दोन गोष्टी शोधा: 'वगळून' हा शब्द, आणि सवलत नक्की कशाची आहे ते. ८ जुलैच्या निर्णयात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क आहे. हॉस्टेल आणि खाणावळ त्यात नाही, आणि मालवणातून बाहेर जाणाऱ्या मुलीला तोच खर्च मोठा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, तिचा अर्ज वेगळा करावा लागतो. महाडीबीटीवर अर्ज करण्याआधी आधार कोणत्या बँक खात्याला जोडलंय ते बघा, पैसे तिथेच जातात. आमच्या वर्गातल्या एकाचे दहावीत उघडलेल्या आणि विसरलेल्या खात्यात गेले होते.

कॉलेजने सवलत असूनही फी भरायला सांगितली, असं अजून ऐकू येतं. भांडू नका, निर्णयाची प्रत पुढे ठेवा. भरावीच लागली, तर पावतीवर कोणत्या शीर्षाखाली घेतली ते लिहून घ्या. आणि फोन करून कोणी रिकामी जागा देत असेल, तर एकच प्रश्न विचारा: ही जागा कॅपची की संस्थास्तराची? उत्तर लेखी मागा. उत्तर देताना समोरचा माणूस किती वेळ घेतो, त्यावरून पुष्कळ कळतं.

यंदा मेमध्ये मी गावी आले, तेव्हा शेजारची एक मुलगी आईला घेऊन खळ्यात आली. बारावी झालेली, इंजिनीअरिंगला जायचंय, ओबीसी. सगळे कागद फाइलीत क्रमाने लावलेले, पडताळणीसुद्धा झालेली. तिची आई म्हणाली, "गो, आता काय रवला नाय मां?" मी फाइल चाळली. नॉन-क्रिमीलेअर चांगलं होतं, पुढची तीन वर्षं. उत्पन्नाचा दाखला उलटा करून बघितला. २४ मार्चला काढलेला.

दुपारचे साडेतीन वाजले होते. बाबांनी रिक्षाला किक मारली.