मज्जातंतु, मेंदू आणि फवारणीचें विष

बाभळीचा कांटा पायांत रुततो तेव्हां पाऊल आधीं वर उचललें जातें, आणि कांटा बोचल्याचें आपणांस मागाहून कळतें. हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. परंतु असें कां व्हावें, याचा विचार बहुधा कोणी करीत नाहीं. पाय उचलण्याचा हुकूम येथें मेंदूनें दिलेलाच नसतो. तळव्याच्या कातडीपासून निघालेली वर्दी ज्ञानतंतूंच्या वाटेनें पाठीच्या कण्यांतील पृष्ठरज्जूपर्यंत जाते, तेथूनच गतितंतूंच्या वाटेनें मांडीच्या स्नायूंस हुकूम सुटतो आणि पाय वर येतो. मेंदूकडे वर्दी निराळी जाते व ती थोडी उशिरां पोंचते. ज्ञानतंतु, गतितंतु, पृष्ठरज्जु आणि मेंदू ही आपल्या मज्जासंस्थेची सारी मांडणी या एका कांट्यांत आली.

मेंदूचें वजन प्रौढ माणसांत सुमारें १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढें असतें. पण शरीर विसांवा घेत असतांही आपण घेतलेल्या प्राणवायूचा जवळजवळ पांचवा हिस्सा तो एकटा खातो. मोठ्या मेंदूकडे विचार, स्मरण व इच्छापूर्वक हालचाल हीं कामें आहेत. डोक्यावर भारा घेऊन अरुंद बांधावरून जातांना तोल सांभाळतो तो लहान मेंदू. त्यांच्या खालीं, पृष्ठरज्जूच्या माथ्याशीं जो भाग आहे, तो श्वासोच्छ्वास चालवितो. झोपेंतही त्यास सुटी नसते. मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ जोड्या व पृष्ठरज्जूपासून ३१ जोड्या निघून सर्व शरीरांत पसरतात. कमरेपासून पावलापर्यंत जाणारा एकेक तंतु तीन फुटांएवढा लांब असतो. जलद तंतूंतून वर्दी सेकंदास शंभर मीटरपर्यंत धांवते, तर ठणक वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंतून ती सेकंदास मीटरभरच सरकते.

आतां मुख्य गोष्ट. गतितंतूचें टोंक स्नायूस चिकटलेलें नसतें. मध्यें अतिसूक्ष्म फट असते. ती फट वर्दी कशी ओलांडते? ऑटो लोवी या शास्त्रज्ञानें १९२१ सालीं बेडकाच्या हृदयावर याचा प्रयोग केला. एका हृदयाचा मज्जातंतु चेतवून त्यानें त्याचे ठोके मंद केले, त्या हृदयांतील द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, आणि तें दुसरें हृदयही मंदावलें. म्हणजे तंतूच्या टोंकांतून कांहीं रस पाझरतो, हें सिद्ध झालें. त्या रसाचें नांव ॲसिटिलकोलीन. हेन्री डेल यांच्यासह लोवी यांस १९३६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. स्नायूंशीं असलेल्या फटींतही हाच रस काम करतो.

रस पाझरला कीं स्नायु आखडतो; पण काम होतांच तो रस तेथून नाहींसा झाला पाहिजे. त्यासाठीं त्या फटींत कोलिनेस्टरेज नांवाचें द्रव्य असतें. मळ्यांत दारें धरणारा गडी वाफा भरला कीं दारें मोडून पाणी पुढें काढतो; त्यास झोप लागली तर वाफा तुडुंब भरून फुटतो. कोलिनेस्टरेज हा आपल्या शरीरांतील दारें धरणारा गडी होय.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखीं स्फुरदयुक्त सेंद्रिय कीटकनाशकें नेमक्या याच गड्यास जखडून टाकतात. किडीच्या मज्जासंस्थेंतही तोच रस व तोच गडी असल्यामुळें कीड मरते. आणि त्याच कारणानें तें विष फवारणाऱ्यासही बाधतें. कातडींतून, श्वासांतून, तसेंच तुंबलेलें नोझल तोंडानें फुंकण्याच्या वाईट खोडीमुळें तें शरीरांत शिरतें. मग जेथें जेथें हा रस आहे तेथें तेथें पूर येतो: दरदरून घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांस पाणी, ओकारी, जुलाब, टाचणीच्या टोंकाएवढी झालेली बाहुली, फडफडणारे स्नायु. शेवटीं छातींत कफ दाटतो, श्वासाचे स्नायु थकतात आणि मनुष्य गुदमरतो. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले आणि वीसच्या आसपास दगावले. तेथें वापरलेल्या औषधांत वर सांगितलेलीं दोन्हीं होतीं.

फसगत होते ती पहिल्या लक्षणांत. घाम आला, डोकें दुखलें, मळमळलें, तर 'ऊन लागलें' असें म्हणून गडी सावलींत घटकाभर बसतो व पुन्हां पंप पाठीवर घेतो. जखडलेलें कोलिनेस्टरेज शरीरास नव्यानें तयार करावें लागतें, व त्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून कालची बाधा आज शिल्लकच असते. चार दिवस कांहीं झालें नाहीं आणि पांचव्या दिवशीं मनुष्य शेतांतच कोसळला, यांत नवल नाहीं.

अशा वेळीं त्यास प्रथम शेताबाहेर काढावें, अंगावरचे सर्व कपडे उतरवावे, केंसांसह अंग साबणपाण्यानें धुवावें आणि तडक दवाखान्यांत न्यावें. तेथें ॲट्रोपीन टोंचतात. त्यानें घाम, लाळ व कफ आवरतात, पण स्नायूंचा अशक्तपणा त्यानें जात नाहीं. जखडलेलें द्रव्य सोडविणारें औषध निराळें आहे, व तें लवकर दिलें तरच लागू पडतें. उशीर झाला कीं जखड पक्की होते. धोतऱ्यांत ॲट्रोपीनच्या जातीचींच द्रव्यें असतात, हें खरें. परंतु एका झाडांत तीं किती व दुसऱ्यांत किती याचा नेम नसल्यामुळें धोतऱ्याचा रस पाजणें म्हणजे एका विषावर दुसरें विष घालणें होय.

रोग्याबरोबर औषधाचा डबाही न्यावा; धुऊन किंवा चिठ्ठी फाडून नव्हे, आहे तसा. सायपरमेथ्रिन हेंही कपाशीवर मारतात, कित्येकदां एकाच डब्यांत प्रोफेनोफॉसबरोबर मिसळलेलें असतें. पण तें मज्जातंतूच्या अंगावर बसतें, फटींत नव्हे, व त्यावर वरील उतारा चालत नाहीं. डॉक्टरांस हें चिठ्ठीवरूनच कळतें.