द्राक्षवेलीच्या दोन छाटण्या

आपल्याकडील द्राक्षबागेस वर्षातून दोनदा कात्री लागते आणि पीक मात्र एकदाच येते. बागायती मुलखाबाहेरून आलेल्या वर्गमित्रांना याचे नेहमी नवल वाटते. एवढी वाढलेली, हिरवीगार वेल एप्रिलच्या उन्हात बोडकी करून टाकायची, आणि पुन्हा सहा महिन्यांनी तेच, हे कशासाठी?

कारण हवामानात आहे. हिमाचलातील सफरचंद काय किंवा फ्रान्स-इटलीतील द्राक्षवेल काय, ती थंडीत पाने गाळून झोपी जातात. त्या झोपेत एकदा छाटणी केली की वसंतात नवी फूट येते. नाशिक, सांगली, सोलापूर या भागांत वेलीला झोपवील अशी थंडी पडत नाही. मोकळी सोडली तर ती शेंड्याकडे धावत राहते आणि खालचे डोळे मुके राहतात. शिवाय भर पावसाळ्यात घड वेलीवर असले तर केवडा आणि कूज यांच्यापुढे त्यांचा निभाव लागत नाही. तेव्हा फळ ऑक्टोबरनंतरच्या कोरड्या दिवसांतच धरावे लागते. हिवाळ्याने करायचे काम येथे कात्री करते.

पहिली ती एप्रिलची खरड छाटणी. माल उतरल्यावर वेलीला दोन-तीन आठवडे विसावा देतात, बोदात शेणखत घालतात आणि मग ओलांड्यावरील प्रत्येक काडी एका डोळ्यापर्यंत खरडून काढतात. ऊन इतके कडक असते की डोळे सारखे फुटावेत म्हणून ओलांड्यावर पाणी फवारावे लागते. या छाटणीनंतर फळ येत नाही म्हणून अनेकजण तिला हलक्या हाताने घेतात. माझ्या मते खरी चूक येथेच होते. ऑक्टोबरनंतर दिसणारा घड मुळात या उन्हाळी काडीच्या डोळ्यात, खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या सुमारास, घडू लागलेला असतो. त्या दिवसांत डोळ्याला ऊन मिळाले पाहिजे. काड्यांची दाटी झाली, आभाळ भरून राहिले किंवा नत्र जास्त पडले, तर डोळ्यात घडाऐवजी बाळी तयार होते. म्हणून जादा फुटी काढतात, सात-आठ पानांवर शेंडा खुडतात. खुडल्याजागी गाठ राहते आणि बगलेतून जी फूट येते तिला सबकेन म्हणतात. त्या गाठीजवळचे डोळे सहसा चांगले फळधारक निघतात.

ही वाढ रोखण्यासाठी औषधेही वापरली जातात. त्यांतील क्लोरमेक्वाट, ज्याला बागायतदार 'सीसीसी' म्हणतात, त्याचे अंश २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत मर्यादेबाहेर आढळले आणि निर्यातीला मोठा फटका बसला. उन्हाळ्यात काडीवर मारलेले औषध पुढच्या साली मण्यात सापडते, इतका या दोन छाटण्यांचा एकमेकींशी संबंध आहे.

दुसरी ऑक्टोबरची फळ छाटणी. काडी तोवर तपकिरी होऊन पिकलेली असते. आता प्रश्न एकच, किती डोळे राखायचे? थॉमसनसारख्या जातीत बुडाजवळचे डोळे बहुधा वांझ असतात. सरळ काडीवर सहा-आठ डोळे राखतात, सबकेन असेल तर गाठीपुढे एक-दोन. जाणते बागायतदार आधी नमुन्याच्या काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. छाटणीनंतर लगेच शेवटच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतात, म्हणजे ते एकदम फुटतात. नाशिककडे हे काम पुष्कळदा पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या करतात. हजारो काड्यांपैकी प्रत्येकीवर कात्री कोठे लावायची, याचा निर्णय क्षणभरात त्यांचा हात घेत असतो. आपण त्याला 'बिनकौशल्याचे काम' म्हणतो, हे जाता जाता नोंदवतो.

परंतु सर्वांत अवघड गोष्ट आहे ती तारीख ठरवणे. सटाण्याकडे बाजार लवकर गाठण्यासाठी ऑगस्टपासूनच छाटतात. तेथे भाव मोठा आणि जोखीमही मोठी. उशिरा छाटावे तर पाऊस टळतो, पण मार्चमध्ये सगळ्यांचाच माल बाजारात येतो. २००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' वादळाबरोबर आलेल्या पावसाने नाशिक-सांगलीच्या बागा झोडपल्या. २०१९ साली ऑक्टोबरअखेर पुन्हा तेच झाले. त्या वर्षी आमची छाटणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उरकली होती. घड दोडा अवस्थेत होते. चार दिवस पाऊस हटला नाही, ट्रॅक्टर चिखलात रुतल्याने फवारणी झाली नाही, आणि निम्म्याहून अधिक घड गळून व कुजून गेले. बांधापलीकडची बाग वीस दिवस उशिरा छाटलेली. तेथे नुकता पोंगा निघाला होता, ती निभावली. तारीख वडिलांनी ठरवली होती, चुलत्यांचा विरोध होता. दोष पावसाचा की घाईचा, यावर आमच्या घरी अद्याप एकमत झालेले नाही.

त्यानंतर आमच्याकडे बाग दोन भागांत छाटतात, मध्ये पंधरा दिवसांचे अंतर ठेवून. मजुरी वाढते आणि फवारणीची दोन वेळापत्रके सांभाळावी लागतात. छाटणीनंतर आठव्या-नवव्या दिवशी डोळे कापसासारखे फुगतात. तेव्हा वडील एका भागात आणि चुलते दुसऱ्या भागात पहाटेच फिरताना दिसतात, पोंग्यात घड आहे की बाळी, हे पाहत.