विसार द्यायच्या आधी

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, जुनी ट्रॉली स्वस्तात मिळतेय, रविवारी विसार देऊन टाकते," आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. पैसे तुझे आहेत, घे म्हणावं असंही वाटलं. पण त्या ट्रॉलीत माती किंवा कपाशी भरणार असतीस तर मी एवढी बोललेही नसते. तू तिच्यात तुझा मिनी ट्रॅक्टर चढवून सावली गावाहून वाघोडियाच्या शेतावर नेणार आहेस. माती सांडली तर रस्त्यावर पडते. ट्रॅक्टर सुटला तर कुणाच्या अंगावर जाईल, सांगता येत नाही.

आधी वजन मांडू. तुझ्यासारखे २४ एचपीचे मिनी ट्रॅक्टर साधारण साडेसहाशे किलोपासून हजारापर्यंत भरतात. रोटाव्हेटर लावलेलाच ठेवलास तर आणखी दोनशे धर. रिकामी ट्रॉलीही टनाच्या आसपास असतेच. म्हणजे मागे दोन टन. आणि पुढे ओढणारा जावईबापूंचा ४५ एचपीचा ट्रॅक्टर, तोही साधारण तेवढाच. ओढायचं म्हटलं तर तो सहज ओढेल, त्याची मला शंका नाही. पण मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीतून निघालेला ट्रक अचानक समोर आडवा आला, की मग काय? आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसला, तर ती दोन टनांनी मागून ढकलत राहते, आणि वळणावर असलीस तर ट्रॅक्टरला आडवं करून टाकते. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच अंतरात थांबवायला लागणारं बळ चौपट होतं, म्हणून तासाला १५ किलोमीटरवर जे सहज थांबतं ते ३० वर थांबत नाही. तेव्हा ट्रॉली विकणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न ब्रेकचा विचार. किमतीचं नंतर.

दुसरं, उंची. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्या मागे उलटणाऱ्या, हायड्रॉलिकच्या. खत-माती ओतायला त्या छानच, पण तळ उंच. त्यात ट्रॅक्टर ठेवला की सगळा भार वर जातो, आणि मही नदीकाठच्या घळींतून जाणाऱ्या तिरप्या रस्त्यावर ती कलंडायला वेळ लागत नाही. शिवाय प्रवासात कुणाचा हात चुकून लिव्हरला लागला तर तळच उचलला जाईल. तुला बसक्या तळाची, न उलटणारी ट्रॉली मिळाली तर दोन पैसे जास्त दे. उलटणारीच घ्यावी लागली, तर तळ चासीला पिनने पक्का अडकवता येतो का ते बघ.

आता जे तुला कधी नीट सांगितलं नाही, ते सांगते. आम्ही पहिल्यांदा असा लहान ट्रॅक्टर चढवला तेव्हा घरातल्याच दोन फळ्या लावल्या होत्या. सहा-सहा फुटांच्या. ट्रॉलीचा तळ तीन फुटांवर, म्हणजे चढ किती उभा झाला बघ. तुझे भाऊजी बसले होते. पुढची चाकं अर्ध्या फळीवर आली आणि ट्रॉली पुढे सरकली, कारण तिच्या चाकांखाली आम्ही काहीच लावलं नव्हतं. फळीचं टोक निसटलं. भाऊजींनी उडी मारली, ट्रॅक्टर आडवा पडला, त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मी फाळक्याजवळ उभी होते. दोन फूट इकडे असते तर तू आज कुणाला फोन केला असतास, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून फळ्या लोखंडी चॅनलच्या कर, वरच्या टोकाला ट्रॉलीत अडकणारे हूक असलेल्या, आणि लांबी उंचीच्या चौपट. तीन फुटांना बारा. त्याहून सोपं म्हणजे बांध गाठायचा आणि ट्रॉली तिथे टेकवायची. ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, आणि ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरला जोडलेलीच. चढवताना तुझा ट्रॅक्टर मागे मागे घेऊन चढव, उतरवताना तोंड पुढे. तोंड पुढे करून उभ्या चढावर चढलीस आणि झटका बसला, तर तो मागे उलटून चालवणाऱ्यावर पडू शकतो.

वर गेल्यावर तो कुठे उभा करायचा, तेही बघ. दोन चाकांच्या ट्रॉलीत भार एक्सलच्या किंचित पुढे यायला हवा. मागे राहिला तर हूक वर उचलला जातो, ओढणाऱ्याची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॉली शेपटीसारखी हलायला लागते. फार पुढे गेला तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग फिरवलेलं लागत नाही. मग रोटाव्हेटर खाली टेकव, हँडब्रेक ओढ, गिअरमध्ये ठेव आणि चार साखळ्या चारही कोपऱ्यांना, ट्रॅक्टरच्या मजबूत चौकटीला लावून तळातल्या कड्यांत आवळ. मडगार्डला नको, स्टिअरिंगच्या दांडीला तर मुळीच नको. सुतळी-दोरीने बांधायचं मनातही आणू नकोस. दोन-तीन किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळ, कारण टायर दबतात आणि साखळी ढिली पडते.

आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या दोन ब्रेक पेडलांमधली कडी लाव. शेतात वळायला आपण ती काढतो आणि मग लावायचं विसरतो. रस्त्यावर चुकून एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

मजुरांना ट्रॉलीत किंवा तुझ्या मिनी ट्रॅक्टरच्या सीटवर बसवून नेऊ नकोस, कितीही आग्रह केला तरी. नांदेडजवळ आलेगावला ४ एप्रिल २०२५ रोजी हळदीच्या कामाला निघालेल्या बायकांची ट्रॉली ट्रॅक्टरसकट विहिरीत गेली, त्यात सात जणी गेल्या. आपल्यासारख्याच, सकाळी डबा घेऊन निघालेल्या. मला ती बातमी वाचून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

ट्रॉलीची कागदपत्रंही माग. तिची नोंदणी वेगळी असते, विम्यातही ती वेगळी दाखवावी लागते.

रविवारी एकटी जाऊ नकोस. मी शनिवारी संध्याकाळीच येते, टॉर्च आणि टेप घेऊन. रंग नवा दिसला तर आधी तळाखाली बघू, वेल्डिंगच्या जोडांवर भेगा आहेत का. हूकच्या भोकात पिन घालून हलवून बघू, भोक झिजून लांबट झालं असेल तर ती पिन रस्त्यावर उडी मारून बाहेर येते. आणि टायर, त्यांच्या बाजूच्या भिंती. त्या माणसाला सांग, आम्ही दोघी येतोय, ट्रॉली रिकामी करून ठेव.