मोबाइल इंटरनेटवरील दूरध्वनी : तंत्र आणि नियमन

मोबाइलच्या डेटा जोडणीवरून व्हॉट्सॲपद्वारे केलेला कॉल आणि त्याच मोबाइलवरून क्रमांक लावून केलेला ‘व्होल्टे’ कॉल, या दोहोंत आवाज डेटाच्या रूपानेच प्रवास करतो. तरीही नियमनाच्या दृष्टीने या दोन भिन्न सेवा आहेत. परीक्षार्थींची गल्लत नेमकी येथे होते.

पारंपरिक दूरध्वनीत संभाषण संपेपर्यंत दोन टोकांमधील मार्ग राखून ठेवलेला असतो. इंटरनेट दूरध्वनीत असे आरक्षण नसते. आवाजाचे अंकीय रूपांतर होऊन साधारणतः २० मिलिसेकंदांचा एकेक तुकडा स्वतंत्र ‘पॅकेट’ म्हणून रवाना होतो. वाटेत हरवलेले पॅकेट सहसा पुन्हा मागविले जात नाही, कारण उशिरा पोहोचलेला शब्द संभाषणात निरुपयोगीच असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास बोलणे सहज वाटते. वेगाची गरज तुलनेने माफक आहे. ‘जी.७२९’ या संकेतन पद्धतीत आवाजाला सेकंदाला ८ किलोबिट पुरतात. मात्र प्रत्येक पॅकेटवरील पत्ता व अन्य माहिती धरता ही गरज २४ किलोबिटवर जाते. मालापेक्षा वेष्टनच जड! त्यामुळे मोबाइल जोडणीवर अपुऱ्या वेगापेक्षा कमीजास्त होणारा विलंब अधिक त्रासदायक ठरतो. व्होल्टेमध्ये कंपनीचे जाळे आवाजाच्या पॅकेटना अग्रक्रम देते. ॲपवरील कॉलला तशी हमी नसते.

भारतात इंटरनेट सेवा पुरवठादारांना १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून संगणकाशी किंवा परदेशातील दूरध्वनीशी बोलता येई. देशातील दूरध्वनी क्रमांकाशी जोडणी मात्र वर्ज्य होती. ही अडचण तांत्रिक नव्हती. दूरध्वनी सेवेसाठी वेगळा परवाना घेणाऱ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा प्रश्न त्यामागे होता. तोच संघर्ष डिसेंबर २०१४ मध्ये पुन्हा उफाळला. एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळे दर जाहीर केले आणि टीकेनंतर ते मागे घेतले. फेब्रुवारी २०१६ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, आशयानुसार डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. नेट तटस्थतेच्या अभ्यासात हा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये ट्रायने शिफारस केली की, दूरध्वनी सेवेचा परवाना असलेल्या कंपनीला इंटरनेट दूरध्वनी देता यावी आणि ग्राहकाची डेटा जोडणी अन्य कंपनीची असली तरी चालावे. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटींत तशी दुरुस्ती केली व त्याच वर्षी भारत संचार निगमने ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली. ॲपवरील कॉलसाठी मात्र स्वतंत्र नियामक चौकट तूर्त नको, असे मत ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये नोंदविले.

आपत्कालीन क्रमांकाचा प्रश्न याहून अवघड आहे. मोबाइलच्या नेहमीच्या जाळ्यावरून ११२ क्रमांक लावल्यास निदान मनोऱ्यावरून ठिकाणाचा अंदाज येतो. इंटरनेटवरील पत्त्यावरून तो तितक्या खात्रीने बांधता येत नाही. २०१७ च्या शिफारशींत ट्रायने ही सुविधा बंधनकारक केली नाही. सेवेच्या या मर्यादेची कल्पना ग्राहकांना द्यावी, असे सुचविले.