मनी चिमणी का धरते?

आमच्या मनीला आई दोन वेळा दूध-भाकरी घालते. तरीही तिने मागच्या महिन्यात पडवीत घरट्यातून पडलेले चिमणीचे पिल्लू धरले. मी केरसुणी घेऊन धावले आणि तिला जोरात मारले. पिल्लू वाचले नाही. मनी दोन दिवस माझ्याजवळ आली नाही.

मी बाईंना विचारले, "पोट भरलेलं असताना तिनं असं का केलं?"

बाई म्हणाल्या, मांजराची भूक वेगळी आणि शिकार वेगळी. समोर काही हललं, फडफडलं, की ते झेप घेतेच. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवू लागला. धान्यापाशी उंदीर आले, उंदरांमागे रानमांजर आले. शिकार करते म्हणूनच तर माणसाने त्याला जवळ राहू दिले. आमच्या घरी मात्र उंदीर धरला की शाबास आणि चिमणी धरली की केरसुणी! मनीला हे कसं कळणार?

पहाटे आणि दिवेलागणीला मांजर शिकारीला निघते. म्हणून तेव्हा आम्ही मनीला घरात कोंडतो. मी सुतळीला चिंधी बांधून तिच्यापुढे ओढते. ती दबा धरते, शेपटीचे टोक हलवते आणि झडप घालते. चिंधी चावून झाली, की लगेच जेवण. मांजराला मांस-मासळी लागतेच, म्हणून आजी आता भाकरीत सुकट कुस्करते.

घरट्यात पुन्हा चिवचिव सुरू झाली आहे. शाळेतून आल्यावर मी दप्तर ठेवायच्या आधी पडवीत खाली बघते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी