डिस्क बदलण्यापूर्वी बॅटरी तपासा

कुकडीकाठच्या आमच्या ओझर गावी विघ्नेश्वराच्या दर्शनासाठी संकष्टीस जी वर्दळ उसळते, तिच्या ऐन धामधुमीत येथील एका पतसंस्थेच्या सर्व्हरची देखरेख माझ्याकडे असताना, भरण्याची पावती निघण्यास असह्य विलंब होऊ लागला. दुरुस्तीस आलेल्या इसमाने सर्व हार्डडिस्क बदलण्याचा सल्ला देऊन खर्चाचा अंदाज लिहून दिला. परंतु मंजुरीपूर्वी मी सर्व्हरचा लॉग पाहिला, तेव्हा डिस्क निर्दोष असून, अनेक डिस्क एकत्र चालविणाऱ्या रेड कंट्रोलरची बॅटरी निकामी झाल्याची नोंद त्यात स्पष्ट आढळली.

यामागील कारण समजून घेणे अगत्याचे आहे. कंट्रोलर आलेली नोंद प्रथम आपल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, घेतो, पोच देतो व सवडीने ती डिस्कवर उतरवितो. मध्येच वीज गेली, तर उतरावयाची राहिलेली नोंद ही बॅटरी बहुधा दोन-तीन दिवस सांभाळते. तिचा भरवसा सरताच कंट्रोलर प्रत्येक नोंद थेट डिस्कवर लिहू लागतो आणि काम मंदावते. अशा वेळी बॅटरीविनाच कॅश सक्तीने चालू ठेवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो कदापि मानू नये, कारण वेग परत येईल, पण वीज खंडित होताच सभासदाच्या हाती पावती असलेली रक्कम दप्तरातून नाहीशी होऊ शकेल. यूपीएस असला तरी सर्व्हरच्या आतील बिघाडापुढे तो निरुपयोगी ठरतो.

कंट्रोलर बॅटरीची क्षमता अधूनमधून ती रिती करून व पुन्हा भरून तपासतो; त्या काळातील मंदपणा तात्पुरता असतो. चार्जिंग पूर्ण होऊनही दोष कायम राहिला, अथवा आमच्याकडील बॅटरीप्रमाणे तिची चपटी पाठ फुगून आवरण उचललेले दिसले, तर ती बदलावीच. सर्व्हरचे घड्याळ चालविणारे नाण्याएवढे सेल निराळे. त्यांची गल्लत करू नये. प्रथम बॅकअप घ्यावा, सर्व्हर रीतसर बंद करावा, वीजतारा काढाव्या, तोच पार्ट नंबर असलेली बॅटरी आणावी, आणि ती पूर्ण चार्ज झाल्याची खातरजमा लॉगमधूनच करावी. फुगलेल्या बॅटरीस टोचू वा दाबू नये. ती ई-कचरा घेणाऱ्यांकडेच सोपवावी.

संस्थाचालकांना माझी विनंती एवढीच, की डिस्कखरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वी लॉगची प्रत मागा आणि बॅटरीची स्थिती त्यात डोळ्यांनी वाचा.